भोगावकरांचा ओके

भोगावकर साहेबांनी पस्तीस वर्षांच्या नोकरीत कारखान्याबाहेर ओके हा शब्द जितक्या वेळा उच्चारला असेल, त्याहून जास्त वेळा मी तो एका सकाळी दात घासता घासता उच्चारतो. बायको न्हाणीघराच्या दाराशी येऊन सांगते, सिलिंडर संपत आलाय. मी म्हणतो, ओके. येताना आईच्या गोळ्या आणा. ओके. संध्याकाळी पाहुणे यायचेत, लवकर या. ओके. ह्यातलं एकही वाक्य माझ्या डोक्यात शिरलेलं नसतं आणि ते तिलाही पक्कं ठाऊक असतं. भोगावकरांकडे असला कारभार नव्हता. "निघतो साहेब, ओके?" असं कुणी म्हणालं तर ते "बरं" म्हणायचे. बरं, समजलं, असू दे, या आता, एवढ्यावर त्यांचं भागायचं. ओके हा त्यांच्या लेखी शब्द नव्हताच. "ती सही आहे दाभाडे," ते मला म्हणायचे. "सही काय माणूस येता जाता करत असतंय का?"

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी. गाड्यांच्या ब्रेकला लागणारे लहान लहान लोखंडी भाग आम्ही बनवतो. भोगावकर तिथे तपासणी विभागाचे प्रमुख होते. विभाग म्हणजे काचेची एक थंडगार खोली, एक काळ्या दगडाचं गुळगुळीत टेबल, मोजमापाची हत्यारं आणि एक भोगावकर. प्रमुखही तेच आणि हाताखालचा माणूसही तेच. प्रत्येक पाळीला प्रत्येक मशीनवरचा पहिला नग त्यांच्याकडे न्यायचा. ते मोजणार, कार्डावर आकडे लिहिणार आणि सगळं जागच्या जागी असेल तर हिरव्या शाईचा 'ओके' असा गोल शिक्का मारून खाली सही करणार. तो शिक्का पडेपर्यंत मशीन बंद. आम्ही उत्पादनवाले तोवर काचेबाहेर उभे राहून घड्याळाकडे बघायचो आणि त्यांच्या सात पिढ्यांची आठवण काढायचो.

मी करमाडहून आलेला, आयटीआय नुकतीच पास झालेला. पहिल्याच दिवशी नग त्यांच्यासमोर ठेवला आणि हुशारीनं म्हणालो, "एकदम ओके आहे साहेब."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मोजलास?"

"नाय साहेब. पण दिसतोय की."

"दिसायला तर तूबी बरा दिसतोस," ते म्हणाले आणि सावकाश मोजायला लागले. नग खरंच बरोबर होता. त्यांनी शिक्का मारला, पण कार्ड हातात दिलं नाही. "उद्या दिवसभर कान उघडे ठेव. जो जो ओके म्हणंल त्याला काय म्हणायचं होतं, ते लिहून आण. मग बोलू."

मला वाटलं म्हातारा सटकलेला आहे. (ते तेव्हा चाळिशीचे होते, पण विशीतल्या पोराला चाळिशी म्हणजे म्हातारपणच.) तरी नवा होतो, घाबरून लिहून आणलं. गेटवरच्या वॉचमनचा ओके म्हणजे 'उशीर झालाय, पण आज सोडतो'. कॅन्टीनमधल्या महादूचा ओके म्हणजे 'उसळ संपलेली आहे, मागू नका'. मॅनेजरचा ओके म्हणजे 'आता जा'. युनियनच्या पुढाऱ्याचा ओके म्हणजे 'बघून घेऊ'. आमच्या फोरमनला बायकोचा फोन आला होता, त्यातला शेवटचा ओके म्हणजे भांडण उरलेलं घरी. बाहेर उभ्या असलेल्या ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलं होतं, तर मी ड्रायव्हरलाही विचारलं. तो म्हणाला, "त्याला काय अर्थ, ते असतंयच लिहिलेलं."

भोगावकरांनी कागद नीट वाचला. ते हसतील असं मला वाटलं होतं, ते हसले नाहीत. "बघ," ते म्हणाले, "एवढ्या लोकांनी म्हटलं, पण वस्तू बघून, मोजून, मी जबाबदार आहे असं म्हणणारा एकबी नाय. म्हणून तो आपण जपून वापरायचा." कागद त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला. मी बाहेर येऊन पोरांना त्यांची नक्कल करून दाखवली आणि सगळे पोट धरून हसलो.

असा माणूस कुणाला आवडणार? काचेच्या खोलीत कुणी भांडण असल्याशिवाय जायचं नाही. साडेबाराला भोंगा झाला की आम्ही पन्नास जण कॅन्टीनमध्ये एकमेकांच्या डब्यात हात घालायचो आणि ते आत दगडी टेबलाकडे पाठ करून एकटेच खायचे. ज्यांच्या मालावर आपल्याला नापासाचं लाल कार्ड लावायचं आहे त्यांच्या डब्यातली भाजी खाऊ नये, असा त्यांचा नियम. पहिली काही वर्षं कुणी कुणी बोलावलं असेल. मग सवय झाली, त्यांना आणि आम्हालाही.

एकदा महिनाअखेर होती. ट्रक दाराशी उभा, माल खोक्यांत भरलेला, आणि भोगावकरांनी अख्खा लॉट अडवला. भोकाचं माप दोन मायक्रॉननं जास्त. दोन मायक्रॉन म्हणजे केसाला चिरा पाडायला लागलं तर त्यातली एक बारीकशी चीर. मॅनेजर लालबुंद होऊन आत गेले. "भोगावकर, दोन मायक्रॉननं काय आभाळ कोसळतंय का?"

"कोसळंल का नाय ते मला माहीत नाय साहेब. पण कोसळलं तर ज्याच्या डोक्यावर कोसळंल तो आपल्याला दिसणार नाय. म्हणून इथंच मोजायचं."

मॅनेजरांनी स्वतःच्या सहीवर माल सोडला. तो अधिकार त्यांना होता. भोगावकरांनी आवाज चढवला नाही, फक्त आपला शिक्का खिशात घालून बसून राहिले. तो माल कुठे गेला, त्याचं काय झालं, आम्हाला कधी कळलं नाही. बहुधा काहीच झालं नसेल. पण त्यानंतर महिनाभर ते पेपरातली अपघाताची बातमी आधी उघडायचे, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

घरीही तेच. सिडकोत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. सणासुदीला मी आणि सुनंदा, म्हणजे माझी बायको, जायचो. मालतीवहिनी सुगरण होत्या. पुरणपोळी वाढून त्या नवऱ्याकडे बघायच्या, आणि साहेब घास तोंडात घोळवून सांगायचे, "जायफळ कमी आहे. थोडंच, पण आहे." वहिनी कपाळाला हात लावायच्या. "सुनंदा, ह्यांना एकदा तरी न मोजता चांगलं म्हणायला लाव गं," असं त्या हसत म्हणायच्या. हसत म्हणायच्या म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. त्या गेल्या तेव्हा त्यांची मुलगी अनघा दहावीत होती. पुढची सात-आठ वर्षं बाप-लेक त्या घरात दोघंच. साहेब तिची वेणी घालायचे. दोन्ही वेण्या अगदी एकाच उंचीच्या, हे सांगायला नकोच.

अनघा शिकली, नाशिकला नोकरीला लागली आणि तिथल्याच एका मुलावर तिचं मन बसलं. निखिल त्याचं नाव. सुट्टीत घरी येऊन तिनं बापाला सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "बाबा, तुमचा ओके आहे ना?"

आता ह्या जागी जगातला कुठलाही बाप एक तर हो म्हणतो, नाही तर आरडाओरडा करतो. भोगावकर म्हणाले, "मला दोन दिवस दे. तपासून सांगतो."

आणि खरोखर गेले. एसटीनं नाशिकला जाऊन त्या मुलाच्या घरासमोरच्या चहाच्या टपरीवर दोन दिवस बसले. इस्त्रीवाल्याला विचारलं, किराणावाल्याला विचारलं, मुलगा किती वाजता घरी येतो, आईशी कसा बोलतो, गाडी कशी चालवतो. किराणावाला निखिलच्या वडिलांचा मित्र निघाला. संध्याकाळपर्यंत त्या घरात बातमी पोचली की मुलीचा बाप चोरासारखी पाळत ठेवून बसलाय. अनघाची मान खाली गेली. ती तरीही सांभाळून घेईल असं वाटत होतं, आणि लग्न ठरलं, झालंही, नाशिकलाच.

घात झाला तो लग्नाच्या दिवशी. मी तिथे होतो. पंगत उठत होती. वहिनींकडचे कुणी एक मामा साहेबांच्या खांद्यावर हात टाकून मोठ्यानं म्हणाले, "काय भोगावकर, जावई ओके ना?" अशा वेळी काय म्हणायचं असतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. साहेबांनी प्रश्न ऐकला, खरोखर विचार केला आणि स्वच्छ आवाजात उत्तर दिलं, "आत्ताच कसं सांगता येईल? वापरात गेल्यावर कळतंय."

आजूबाजूची दहा-बारा माणसं वळून बघायला लागली. निखिलची आई ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली. तीन पावलांवर अनघा होती, मुंडावळ्या बांधलेली. तिनं बापाकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. साहेबांना काय बिघडलं ते कळलंच नाही. परतीच्या गाडीत ते मला विचारत होते, "खोटं काय बोललो मी? अजून त्याला धड भेटलोबी नाय."

अनघा नंतर घरी आली नाही. तोडून टाकलं असंही नाही. दोन-तीन रविवारांनी तिचा फोन यायचा. "बाबा, सगळं ओके ना?" आणि साहेब सांगायला लागायचे. डावा गुडघा सकाळी दुखतोय, उजवा नाय. रक्तदाब परवा जास्त होता, काल कमी. रात्री तीनला जाग येतेय. विचारलंय म्हणजे पूर्ण माहिती द्यायला हवी, ही त्यांची समजूत. पलीकडे तिला वाटायचं, बाबा तक्रारी वाचून दाखवतायत, टोमणे मारतायत. "बाबा, मी नुसतं विचारलं होतं," ती म्हणायची आणि फोन संपायचा.

मी त्यांना एकदा सांगून बघितलं. "साहेब, तिथं नुसतं ओके म्हणायचं असतं. मग ती तिचं काहीबाही सांगंल, तुम्ही तुमचं."

"मग ती विचारते कशाला?"

"बोलायला सुरुवात म्हणून."

त्यांनी ह्यावर बराच विचार केला. पुढच्या फोनला मी शेजारी बसलो होतो. तिनं विचारलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गुडघा सोडून ओके." पलीकडून अनघा म्हणाली, "बरं, ठेवते." मला तेव्हा हसू आलं होतं. आता आठवतं तेव्हा येत नाही.

निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांनी शिक्का पुसून, शाई वाळवून मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. त्यांच्या जागी आता कॅमेरा आलाय, तो सेकंदाला एक नग बघतो आणि पडद्यावर ओके उमटवतो. साहेबांना मी ते कौतुकानं सांगितलं तर म्हणाले, "उद्या काय झालं तर जाब कुणाला विचारायचा? कॅमेऱ्याला?"

रिकामं घर माणसाला खातं म्हणतात. साहेब तसे शिस्तीनं राहायचे. सकाळी चालणं, पेपर, दुपारी रिक्षा करून शहागंजला जाऊन भाजी. भाजी सिडकोतही मिळते, पण शहागंजच्या गर्दीत कुणी तरी धक्का मारतं, "ओ चाचा, सरको," म्हणतं, तेवढंच बोलणं होतं, असं ते एकदा बोलून गेले. मी आधी दर रविवारी जायचो. मग महिन्यातून एकदा. मग ते फोन करायचे आणि मी म्हणायचो, येतो साहेब, ओके.

अशातच अनघाला टायफॉइड झाला. तिनं बापाला कळवलं नव्हतं. निखिलनं कळवलं. आणि त्यानं काय करावं? रोज रात्री आठला फोन करून तो साहेबांना आकडे सांगायचा. सकाळी ताप एकशे दोन, दुपारी एकशे एक पॉइंट चार, संध्याकाळी शंभर. पाणी किती प्यायली, किती वेळा उलटी झाली. बारा दिवस, एकही रात्र न चुकता. साहेबांनी मला मुद्दाम बोलावून घेऊन हे सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मी ते त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"आकडे सांगतो तो दाभाडे. ती ओके आहे, काळजी करू नका, असं म्हणून उडवून नाय लावलं मला त्यानं."

"मग सांगून टाका की साहेब त्याला, तुम्ही लई चांगले आहात म्हणून."

"फोनवर शिक्का उमटत नाय. आणि मी चारचौघांत बोललो होतो. चारचौघांतच जाऊन निस्तरायला पाहिजे. त्याच्या घरी, त्याच्या आई-वडिलांसमोर." मग म्हणाले, "तू चल माझ्यासोबत."

"मी कशाला?"

ब्रेकच्या मुख्य भागांना आमच्याकडे दोन तपासण्या लागतात. दोन माणसांनी वेगवेगळं मोजायचं, दोघांनी सही करायची, मगच माल सुटतो. साहेब म्हणाले, "मी मुलीचा बाप. माझं माप झुकणार, इकडं नाय तर तिकडं. दुसरी सही लागंल. तू उत्पादनवाला आहेस, तू त्याच्या बाजूनं बघशील."

मी म्हणालो, "ओके साहेब. दिवाळी झाली की जाऊ. रविवारी सकाळी सातला गाडी घेऊन येतो."

"नक्की?"

"ओके म्हटलं ना साहेब."

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी करमाडला चुलतभावाच्या नातवाचं बारसं होतं. मी तिकडे गेलो आणि साहेबांना कळवायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, आठवलंच नाही. संध्याकाळी त्यांच्या शेजारच्या शेख भाभी मला फोनवर म्हणाल्या, "दाभाडेभाई, अंकल सुबू सात बजे से बैग लेके ओटे पे बैठे थे. मैं चाय को पूछी तो बोले, नक्को, गाडी आतीच होगी. ग्यारा बजे अंदर गए." मी साहेबांची माफी मागितली. पुढच्या रविवारी जाऊ म्हणालो. त्या रविवारी गाडी दुरुस्तीला होती. निदान फोन तरी केला, पण तो साडेआठ वाजता, आणि ते सातपासून ओट्यावर होते. तिसऱ्या खेपेला काहीच नव्हतं. ना बारसं, ना गाडी. थंडी होती, अंथरुणातून उठावंसं वाटलं नाही. फोन वाजला तो मी सुनंदाला घ्यायला लावला. तिनं नाइलाजानं माझ्या तापाचं निमित्त सांगितलं.

दुपारी त्यांचा पुन्हा फोन आला. रागवायला नव्हे. "ताप किती आहे?" त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. खोटा आकडा. त्यांनी क्रोसिन घ्यायला सांगितलं, पाणी भरपूर पी म्हणाले. "तू बरा झालास की जाऊ. घाई नाय."

तीन आठवड्यांनी एका सकाळी शेख भाभींना त्यांच्या दाराला दुधाची पिशवी तशीच लटकलेली दिसली. झोपेतच गेले होते.

अनघा आणि निखिल आले. तेराव्यापर्यंत सगळं निखिलनं केलं, न बोलता, नीट. चौदाव्याला लोक पांगले. निखिल खुर्च्या परत करायला मंडपवाल्याकडे गेला होता. मी चपला घालत होतो, तेवढ्यात अनघा समोर येऊन उभी राहिली.

"काका, एक विचारू? बाबा ह्यांच्याबद्दल कधी काही म्हणाले का?"

मला वाटलं, ह्यात काय अवघड आहे. गेलेल्या माणसाच्या मुलीला दोन गोड शब्द हवे आहेत. मी म्हणालो, "म्हणाले ना. ओके आहे म्हणाले. एकदम ओके."

अनघानं माझ्याकडे बघितलं. चष्मा नव्हता, पण नजर तीच. "कधी म्हणाले?"

"हे... दिवाळीच्या सुमारास."

"कुठं बसला होतात? नेमके शब्द काय होते त्यांचे?"

 वीस वर्षं मी काचेबाहेर उभा राहून जे टाळत आलो होतो ते आता माझ्यासमोर उभं होतं आणि मोजल्याशिवाय मला सोडणार नव्हतं.

"राहू द्या काका," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तुम्ही चांगल्या मनानं म्हणालात."

ती वळली तेव्हा मी तिला थांबवलं आणि खाली ओट्यावर बसून सगळं सांगितलं. आकडे सांगणारा निखिल, फोनवर न उमटणारा शिक्का, दुसरी सही, तीन रविवार. बारसं आणि गाडी सांगितली. तिसरा रविवार सांगताना मान वर करता येईना, पण सांगितला. ताप नव्हता, हेही सांगितलं. "तो शब्द ते बोलले नाहीत अनघा. बोलायला निघाले होते. मी नेलं नाही."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग आत गेली आणि दारामागची बॅग घेऊन आली. कुणी तिला हात लावलेला नव्हता. एक धोतर, एक सदरा, गुडघ्याचं तेल, रक्तदाबाच्या गोळ्या. तळाशी गुलमंडीवरच्या दुकानाची कागदी पिशवी आणि तिच्यात निळा तयार शर्ट. तिनं कॉलरच्या आतला आकडा बघितला.

"बेचाळीस," ती म्हणाली. "ह्यांना चाळीस लागतो." तिनं शर्ट उलटसुलट केला. "बाबांनी अंदाजानं आणला, काका? माप न विचारता?" आणि मग ती रडली. चौदा दिवसांत पहिल्यांदा रडली. मीही तिथेच बसून राहिलो, कारण उठून जायचा मला धीर होईना.

पुढच्या महिन्यात एका रविवारी मी पहाटे गाडी काढली आणि एकटाच नाशिकला गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. निखिलच्या आईनं दार उघडलं, ओळख पटायला वेळ लागला, पण आत घेतलं. मी दिवसभर बसलो. निखिलला बघितलं. अनघा बोलायला लागली की तो हातातला मोबाइल खाली ठेवतो. वडिलांना औषध देताना गोळीचं पाकीट उजेडात धरून नाव वाचतो, मगच देतो. जेवणं झाल्यावर सगळे बसले होते तेव्हा मी म्हणालो, "भोगावकर साहेबांना इथं येऊन काही सांगायचं होतं. ते काय म्हणाले असते हे मी सांगणार नाही. मला तो अधिकार नाही. पण दुसरी सही माझी होती. ती करायला आलोय. निखिलराव, मी दिवसभर बघितलं. माझ्याकडून ओके आहे."

निखिलच्या वडिलांनी नुसती मान हलवली. निखिल उठून माझ्या पाया पडला. अनघा खिडकीकडे तोंड करून उभी होती. पहिली सही कुठे आहे, असं कुणीच विचारलं नाही.

परतताना येवला मागे टाकलं आणि मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. शेजारची सीट रिकामी होती. चार तासांचं तर अंतर. सकाळी निघून संध्याकाळी घरी. एका रविवारचं काम होतं, आणि साहेब माझ्या भरवशावर तीन रविवार ओट्यावर बसून होते.